चिंध्यांचा करकोचा

फार लांबची नाही आणि फार जुनीही नाही, अशी ही गोष्ट. सावरबन नावाचं एक जंगल होतं. तिथले प्राणी कपडे शिवत, पण घालत नसत. घालायला समुद्रापलीकडची पांढरी अस्वलं होती. त्या अस्वलांच्या अंगावर जन्मापासून जाडजूड केस, म्हणजे कपड्यांची गरज तशी त्यांनाही नव्हती. पण गरज नसलेल्या वस्तूचा कंटाळा लवकर येतो, म्हणून दर हंगामाला त्यांना नवे कपडे लागत.

कारखाना होता तरसशेठचा. तरसशेठ सदा हसतमुख. त्याला हसू येत असे अशातला भाग नाही, त्याचं तोंडच तसं होतं. फोटो मात्र त्यामुळे चांगले येत.

या कारखान्यात हौसा नावाची शिंपीण कामाला होती. शिंपीण म्हणजे चिमणीहूनही लहान, पानाला पान शिवून घरटं करणारी पाखरांची जात. हौसाचं काम लेबलं शिवायचं. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला एक लेबल असे आणि त्यावर लिहिलेलं असे, ‘हे वस्त्र शिवताना कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलेलं नाही.’ हौसाच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी यायचं. पण ते रंगाच्या वाफेनं यायचं, आणि वाफेचं पाणी हे रडण्यात धरत नाहीत, असा शेठचा खुलासा होता.

तिचा नवरा रंगखात्यात कढईपाशी होता. तो खोकत खोकत गेला. कंपनीनं त्याच्या स्मरणार्थ एक रोप लावलं, त्याला कढईतलं उरलेलं पाणी घातलं, आणि मग रोपही गेलं. त्या वर्षीच्या अहवालात रोप लावल्याचा उल्लेख आहे.

मागे राहिली ठकी, हौसाची लेक, अजून धड पिसंही न फुटलेली. कामगारांची घरटी कढयांच्या वरच्याच फांद्यांवर होती. कामावर यायला उशीर होऊ नये म्हणून शेठनं ती मोठ्या प्रेमानं तिथं दिली होती. एके सकाळी ठकी खोकली. बापासारखीच खोकली, आधी बारीक आणि मग न थांबता.

टेकडीवर, जिथं चांगलं वारं लागायचं, तिथं कंपनीनं एक पाळणाघर बांधलेलं होतं. आत मऊ गवताचे पाळणे, माठात गार पाणी, भिंतीवर हसऱ्या पिल्लांची चित्रं. दाराला कुलूप. हौसा मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणजे हुप्पे नावाचा वानर. तो कामगारांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसून काम बघायचा, आणि बसल्याबसल्या जे खायचा त्याची सालं खाली टाकायचा.

“सायेब, माझ्या पोरीला पाळणाघरात ठिवू का? खोकून खोकून लाल होतीया.”

“खुळी का काय तू? तिथं पोरं ठेवली तर घाण होईल की.”

“मग ते बांधलंय कशापाई?”

“तपासणीसाठी,” हुप्पे म्हणाला. एवढी साधी गोष्ट हिला कळत नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

तपासणी हिवाळ्यात असे. पांढऱ्या अस्वलांच्या देशातलं बर्फ हल्ली वितळू लागलं होतं आणि त्यामुळे त्यांना सदसद्विवेकबुद्धी सुचली होती. आपले कपडे कुठं, कोण, कसे शिवतं हे बघायला ती दरवर्षी एक करकोचा पाठवत. करकोचा उंच, गंभीर, एका पायावर उभा राहून विचार करणारा. त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा आणि बेडकांचा सगळा खर्च तरसशेठ करत असे, म्हणजे तपासणीवर बाहेरच्या कुणाचा दबाव यायला नको.

त्या दिवशी कारखाना ओळखू येत नसे. कढया झाकलेल्या. नळाला पाणी. प्रत्येकाच्या तोंडाला स्वच्छ फडकं, जे संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. पाळणाघर उघडायचं आणि त्यात पिल्लं ठेवायची. हुप्पे आदल्या दिवशी सगळ्यांना रांगेत बसवून पाठ करून घेई.

“साहेबांनी विचारलं, कसं वाटतं इथं, तर काय म्हणायचं?”

“आम्ही एका कुटुंबासारखे आहोत.”

“आणि कुटुंबात काय करत नाहीत?”

“तक्रार.”

त्या वर्षी पाळण्यात ठेवलेल्या पिल्लांमध्ये ठकी होती. हौसा लेबलं शिवता शिवता टेकडीकडे कान लावून बसली होती. सकाळी ठकी दोनचारदा खोकली. दुपारी खोकली नाही. मधल्या सुट्टीत हौसा उडत जाऊन बघून आली, तर पोरगी पोट वर करून गाढ झोपली होती. अंड्यातून बाहेर आल्यापासून ती अशी कधी झोपलीच नव्हती. हौसाला तिथंच हुंदका आला, आणि तो वाफेचा नव्हता.

दुपारनंतर करकोचा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मागे तरसशेठ हसत होता, वर हुप्पे डोळे वटारून बसला होता.

“कामाच्या ठिकाणी आपल्याला काही अडचण जाणवते काय?”

हौसाला पाठ केलेलं सगळं आठवत होतं. पण डोळ्यांसमोर झोपलेली ठकी होती.

“एकच अडचण हाय, सायेब. तुमी रोज येत न्हाई.”

करकोच्याला आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याच्या घरीसुद्धा नाही. त्यानं अहवालात लिहिलं की इथल्या कामगारांना तपासणीची इतकी ओढ आहे की त्यांना ती रोज हवी आहे. पांढऱ्या अस्वलांनी तो अहवाल वाचून डोळे पुसले आणि आणखी कपडे मागवले. ठकीला संध्याकाळी पाळण्यातून काढलं, दाराला कुलूप लागलं, आणि रात्री ती पुन्हा खोकायला लागली.

एवढ्यात निवडणूक आली. सावरबनचा राजा वाघ होता, पण निवडून येणारा वाघ. त्याला मतं न देण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना होतं आणि ते वापरणाऱ्यांचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नसे. या खेपेला त्याच्याकडे मुद्दा नव्हता. तरसशेठनं त्याच्या हातात अहवाल ठेवला.

वाघ सभेत म्हणाला, “माझ्या कष्टकरी बंधूंनो आणि भगिनींनो, या मातीतल्या एका गरीब माऊलीनं काय मागितलं? तिनं अन्न मागितलं नाही. तिनं सुट्टी मागितली नाही. तिनं मागितली तपासणी. आजवरच्या राजांनी तुम्हाला वर्षातून एकदा तपासणी दिली. वर्षातून एकदा, मित्रांनो. मी विचारतो, उरलेले दिवस तुमचे नव्हते का?”

“होते,” सभा म्हणाली.

“मग मी देणार रोज. घरोघरी करकोचा.”

सभेत पिसं उडाली. हौसानंसुद्धा ठकीला पंखाखाली धरून वाघाला मत दिलं. तिला वाघाचा भरवसा नव्हता, पण रोज पाळणाघर उघडणार या विचारापुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

वाघ निवडून आला आणि मग अडचण लक्षात आली. करकोचा उन्हाळ्यात थांबायला तयार होईना. देशी बगळे नेमावेत तर त्यांना इथली माहिती होती, म्हणून ते अपात्र ठरले. शेवटी समिती बसली. समितीनं बरेच दिवस खाल्ले, बरंच काही खाल्लं, आणि तोडगा काढला की करकोचा कापडाचा करावा आणि त्यात कारखान्यातल्या चिंध्या भराव्यात. या चिंध्या आजवर नदीत टाकत. आता त्या करकोच्यात जाणार होत्या. पर्यावरणाचं एवढं भलं एका बैठकीत कधी झालं नव्हतं, असं समितीनं स्वतःच नमूद केलं.

शिवण बारीक हवी म्हणून काम हौसाकडे आलं. तिनं मान शिवली, चोच शिवली, लांब पायात काटक्या घातल्या, पोटात चिंध्या ठासल्या. डोळ्यांच्या जागी काळी बटणं लावली. बटणं मिटत नसल्यामुळे तपासणी चोवीस तास सुरू झाली.

फाटकापाशी करकोचा उभा केला त्या दिवशी हौसा मुकादमाला म्हणाली, “आता पाळणाघर उघडा की. तपासणी हाय न्हवं?”

“करकोच्यानं काही विचारलं का?”

“न्हाई.”

“म्हणजे त्याचं समाधान झालंय,” हुप्पे म्हणाला. “आणि ऐक, रोजची तपासणी सुरू झाल्यामुळे हिवाळ्यातली बंद. दोन दोन कशाला?”

म्हणजे वर्षातला तो एक दिवसही गेला. हौसा घरट्यात येऊन बसली आणि तिनं स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. आपण तोंड उघडलं नसतं तर निदान एक दिवस तरी पोरीला वारं मिळालं असतं, आणि त्या मेल्या करकोच्याला शिवलं तेही आपणच. ठकीची मान आता खोकताना खाली पडू लागली होती. हौसाला तिच्या बापाचे शेवटचे दिवस दिसत होते आणि ते तिला दुसऱ्यांदा बघायचे नव्हते.

इकडे करकोच्याची कीर्ती वाढली. तो कुणाचं खात नव्हता, कुणाला टाकून बोलत नव्हता, शेठकडे काही मागत नव्हता. सभेत वाघ म्हणेल त्याला त्याचा विरोध नसे. असा प्राणी नुसता फाटकावर ठेवणं हा राज्याचा अपमान आहे, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि वाघानं त्याला श्रम आणि शुद्ध हवा खात्याचा मंत्री केलं. मंत्री म्हटलं की बंगला आला. जंगलात नवाकोरा, न वापरलेला, हवेशीर बंगला एकच होता. पाळणाघराचं कुलूप अखेर निघालं. पाळणे बाहेर काढले आणि मंत्रिमहोदय आत गेले.

हारांच्या ओझ्यानं मंत्र्यांची शिवण उसवू लागली, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ डागडुजीला हौसाला जायला सांगितलं. पहिल्या दिवशी ती आत शिरली तर सगळीकडे टेकडीचं गार वारं. मधोमध चिंध्यांचा तो ढीग छाती काढून उभा. तिला इतका संताप आला की तिनं त्याच्या पोटाचा टाकाच ओढला. आतली चिंधी बाहेर आली, मऊ, कोरडी. हौसा तिच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी तिनं दोऱ्याच्या गुंड्याआड ठकीला आणलं, मंत्र्यांच्या पोटात ठेवलं आणि श्वासापुरती फट सोडून वरून शिवून टाकलं. पाळणे लोक उचलून बघतात, मंत्र्यांच्या पोटात काय गेलंय हे बघायची पद्धत नव्हती.

काही दिवसांनी बंगल्यावर मोठा सोहळा झाला. जंगल निर्मळ ठेवल्याबद्दल तरसशेठला मंत्र्यांच्या हस्ते पुरस्कार होता. नदी त्या आठवड्यात जांभळी होती, कारण अस्वलांच्या देशात जांभळ्याचा हंगाम होता. वाघानं भाषण केलं, शेठ पुरस्कार घ्यायला वाकला, आणि मंत्री खोकले.

बारीक खोकले, मग पुन्हा खोकले. दारापाशी सुईदोरा घेऊन उभ्या असलेल्या हौसानं तो खोकला ओळखला.

बातमीदार कावळ्यांनी तिथूनच ओरडायला सुरुवात केली की मंत्र्यांनी मौन सोडलं. जाणकारांच्या मते त्यांनी प्रदूषणावर तीव्र चिंता व्यक्त केली होती. खोकला अपुरा असल्याची टीका विरोधी पक्षानं केली. वाघ मात्र तरसशेठला बाजूला घेऊन म्हणाला, “हा बोलायला लागला तर?”

“बोलला नाही, महाराज. नुसता खोकलाय.”

“शेठ, मी जन्मभर भाषणं केली. आधी खोकतात, मगच बोलतात.”

शेठचं हसू तसंच राहिलं, पण कान पडले. दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांच्या प्रकृतीसाठी हुकूम निघाला. टेकडीच्या बाजूला होत्या तेवढ्या कढयाही उचलून कामगारांच्या वस्तीत मधोमध नेऊन मांडल्या. टेकडीवर धूर फारसा जात नव्हताच, पण काहीतरी केल्याचं दिसायला हवं होतं. टेकडीच्या वाऱ्यानं ठकीचा खोकला हळूहळू थांबला, तिला पिसं फुटली, आणि मंत्री ठणठणीत झाल्याचं राजपत्रात छापून आलं. हवा शुद्ध झाल्याचं त्याखालीच होतं, कारण खोकणाऱ्यांपैकी राज्य ज्याचं ऐकत असे असा तो एकच होता.

वस्तीत मात्र आता घराघरात पिल्लं खोकू लागली. हौसाला रात्री ते ऐकवेना. हे सगळं आपल्या ठकीपायी झालं, ही टोचणी तिला झोपू देईना. मंत्र्यांचा खोकला कुणाचा, हे वस्तीनं ओळखलं होतं. आधी शेजारची शिंपीण आली, पिल्लू पुढं धरून उभी राहिली. मग खार आली. हौसानं कुणालाच नाही म्हटलं नाही. रोज थोड्या चिंध्या काढायच्या, थोडी पिल्लं आत घालायची, दोऱ्याच्या टोपलीतून किडे आणि दाणे न्यायचे. मंत्र्यांचं पोट पुढं येऊ लागलं. मग चांगलंच पुढं आलं. हौसानं शिवण सैल केली, ठिगळं लावली, पण लपेना.

एके दिवशी वाघ बंगल्यावर आला. बरोबर हुप्पे होता. हौसा मंत्र्यांच्या पायाशी टाका घालत होती. वाघानं मंत्र्यांभोवती एक फेरी मारली आणि पोटासमोर थांबला. त्यानं पंजा पोटावर ठेवला. आत काहीतरी हललं. हौसानं डोळे मिटले. पंख पसरून मध्ये उभं राहायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं, आणि तिचे पंख वाघाच्या एका नखाएवढे होते.

“काय रे हुप्पे,” वाघ म्हणाला, “ह्याला निवडला तेव्हा सडपातळ होता ना? पोट केवढं सुटलंय.”

“होय महाराज. पण मंत्री होऊन वर्ष झालं आता.”

“असं होय,” वाघ म्हणाला, आणि निश्चिंत होऊन जेवायला गेला.