खाजणकोटचा धाकटा

‘माझा दादा कोणाचा?’

धाकट्यानं हा प्रश्न एका दिवसात अख्ख्या खाजणकोटला विचारला. दादाला खांद्यावर घेऊन दारोदार विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. पुढं ज्यांना उत्तर सुचलं, त्यांचं ऐकायला तो राहिला नव्हता.

फार वर्षं झाली या गोष्टीला. खाडीवर पूल नव्हता, किनाऱ्यावर दिवा नव्हता, आणि खाजणकोट म्हणजे खाडीच्या काठानं वसलेल्या नुसत्या आळ्या होत्या. पाण्याला लागून कोळीवाडा. त्याच्या वर हबशांची पाखाडी, ज्यांचे वाडवडील समुद्रापलीकडून गलबतांवर आले होते. त्याच्या पलीकडं शनवार तेल्यांची आळी. शनिवारी ते घाण्याला हात लावत नसत आणि आपल्या देवाची प्रार्थना करत, म्हणून त्यांचं नाव तसं पडलं. त्यांचेही वाडवडील समुद्रातूनच आले, बोट फुटून. एका आळीचं दुसरीवाचून चालत नसे. कोळ्यांची मासळी, हबशांचे खलाशी, तेल्यांचं तेल, सगळं एकमेकांच्या घरात जाई. फक्त विहिरी वेगळ्या होत्या, आणि मेल्यावरच्या जागा वेगळ्या होत्या.

एका पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी एक परकं गलबत फुटलं. सकाळी वाळूवर दोन पोरं सापडली. मोठ्यानं लहानाचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बायांना एकेक बोट सोडवावं लागलं. मोठ्याला काही आठवत नव्हतं. लहानाला अजून बोलता येत नव्हतं. आळ्यांनी बारी लावली. आज कोळीवाड्यात जेवायचं, उद्या पाखाडीत, परवा तेल्यांकडं. नावं ठेवायची तर जात बघून ठेवावी लागली असती, म्हणून नावं कुणी ठेवलीच नाहीत. एक थोरला झाला, एक धाकटा.

पोरं कोणाची, यावर मात्र चेष्टा चाले.

“कुरळे केस बघा की त्यांचे,” कोळ्यांचा हिराजी तांडेल म्हणे. “हबशाचीच पोरं ही.”

“आणि घारे डोळे आमच्यात कुठून आले, तांडेल?” पाखाडीचा मर्जानचाचा हसे. “ही तेल्याची.”

“आमची असती तर शनिवारी तरी पाण्याबाहेर राहिली असती,” हसाजी तेली म्हणे. “ही तर पाण्यातच झोपतात. ही कोळ्याची.”

सगळे हसत. दोघे भाऊसुद्धा हसत. दर आळीला वाटे की पोरं शेजारच्या आळीची, आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

थोरला मोठा झाला आणि त्यानं वाटेचं काम उचललं. खाडीच्या मुखात वाळूचा दांडा होता. दर पावसाळ्यात तो सरके, आणि त्याच्या बाजूनं होडी आत आणायची वाटही बदले. पाऊस सरला की थोरला ओहोटीला पाण्यात उतरे, तळ पायानं चाचपे आणि जिथं खोल पाणी लागे तिथं कडेनं काठ्या रोवत जाई. प्रत्येक काठीला चिंधी. कोळणीच्या लुगड्याची, हबशाच्या निळ्या लुंगीची, तेल्याच्या पांढऱ्या पंच्याची. धाकटा मागून काठ्यांची मोळी घेऊन येई. त्या काठ्या बघून सगळ्या आळ्यांच्या होड्या आत येत. थोरल्याच्या पायाला डोळे आहेत, असं म्हणत.

धाकटा तापट होता. दादा थांब म्हणाला की तो पुढं जाई. दादानं हाक मारली की मात्र उलट्या पावली येई. त्याला शिकवणारं, रागावणारं, जेवलास का विचारणारं ते एकच माणूस होतं.

त्या वर्षी शेवटची काठी रोवताना थोरल्याचा पाय वाळूत दडलेल्या पाकट माशावर पडला. पाकटाचा काटा पोटरीत घुसला. धाकट्यानं त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्यावर आणलं. पाय काळा पडला, दात वाजू लागले. “काठी वाकडी राहिली रे,” थोरला म्हणाला, “सरळ कर.” एवढंच बोलला, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत गेला.

होड्या पहाटेच समुद्रात गेल्या होत्या. घरी म्हातारेकोतारे होते, बाया होत्या. धाकट्यानं दादाला खांद्यावर घेतलं आणि आधी कोळीवाड्यात गेला. हिराजीच्या म्हाताऱ्या बापानं दोन्ही हात जोडले. “पोरा, लाकडं देतो. पण आमच्या मसणात नाय जमायचं रं. तू मर्जानला विचार.”

मर्जानचाचा वयामुळं घरीच असे. थोरल्याला बघून तो उंबऱ्यातच बसला आणि रडला. पण म्हणाला, “बेटा, मयताची नमाज कुणाच्या नावानं पढू? त्याच्या बापाचं नाव सांग, लगेच उठतो.”

धाकट्याला बापाचं नाव ठाऊक नव्हतं.

हसाजी तेली तर स्वतःहून सामोरा आला. “लेकरा, पांढरं कापड घे, नवीन आहे. माती मात्र आमची मागू नकोस. तो आमचा असता तर मीच पुढं झालो असतो.”

“तुम्ही पण बोट फुटूनच आलात ना?” धाकटा ओरडला. “तुमच्या मेलेल्यांना कुणी माती दिली?”

हसाजीनं कापड पुन्हा पुढं केलं.

“माझा दादा कोणाचा, ते तरी सांगा! जेवायला सगळ्यांचा होता. काठ्या रोवायला सगळ्यांचा होता. आता कोणाचा?”

दारं उघडीच होती. माणसं उभी होती.

मग तो दादाला घेऊन ओहोटीच्या पाण्यातून दांड्यावर गेला. ती जागा कुठल्याच आळीची नव्हती. त्यानं हातांनी वाळू उकरली, दादाला तिथं ठेवलं, वरून वाळू सारली. डोक्याशी काय ठेवावं ते त्याला कळेना. कुठल्या बाजूला तोंड करावं तेही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं दादाचं तोंड बंदराकडं केलं.

आणि उठला तेव्हा त्याचं डोकं फिरलं. “ज्यांची माती दादाला नाही, त्यांना दादाची वाट कशाला?” म्हणत त्यानं काठ्या उपटल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादाच्या हातची एकेक काठी हिसकून समुद्रात भिरकावली. एकच उरली, ती वाकडी. तिच्यापाशी येऊन त्याचे हात थांबले. तो तिच्या बुडाशी बसून राहिला.

दुपार कलली आणि नैर्ऋत्येकडून आभाळ काळं झालं. अवेळी वारा सुटला. होड्या माघारी फिरल्याचं किनाऱ्यावरून दिसलं, आणि बाया धावत आल्या. लाटा दांड्यावर फुटत होत्या. सगळं पाणी एकसारखं पांढरं. वाट कुठली आणि वाळू कुठली, कुणाला कळेना.

“काठ्या कुठायत? अगं, काठ्या कुठं गेल्या?” कोळणींनी हंबरडा फोडला. हबशिणी रडू लागल्या, तेलिणी रडू लागल्या. सगळ्यांचं रडणं एकच होतं.

ते धाकट्याच्या कानावर पडलं. त्यानं हातांकडं बघितलं. काठ्यांच्या सालीनं तळवे सोललेले होते. तो उभा राहिला, वाकडी काठी त्यानं सरळ केली, दादानं सांगितलं होतं तशी. अंगावरचं कापड फाडून वर बांधलं. आणि दांड्याच्या कडेला, दादा होता त्याच्या अगदी जवळ, काठी कवटाळून उभा राहिला. बाकीच्या काठ्या परत रोवायला वेळ नव्हता. मग तो स्वतःच काठी झाला, असं म्हणतात.

पहिली होडी आली तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्याला होतं. तो ओरडला. होडी वळली आणि आत गेली. दुसरी आली, तिसरी आली. पाणी कमरेला, मग छातीला. आणि ऐका, आत आलेला प्रत्येकजण पुढं शपथेवर वेगळंच सांगत असे. कोळी म्हणाले, दांड्यावर आमचा एक कोळी उभा होता, आमच्यासारखाच सावळा, आमच्याच बोलीत हाक मारत होता. हबशी म्हणाले, तो हबशी होता. तेल्यांच्या मचव्यावरची माणसं म्हणाली, आमच्याच आळीतला कुणीतरी होता, आम्ही तोंड बघितलं. ज्यानं बघितलं त्याला आपलाच माणूस दिसला, असं म्हणतात.

शेवटची होडी हिराजी तांडेलाची. तिच्यावर दोन हबशी खलाशी होते आणि हसाजीचा मुलगा होता. तोवर पाणी धाकट्याच्या गळ्याशी आलं होतं. हिराजीनं त्याला ओळखलं.

“आरं, दोर धर! चढ वर!” हिराजीनं दोर फेकला. दोर त्याच्या खांद्यावरच पडला.

पण दोर धरायला हात सोडावा लागला असता. हात सोडला असता तर काठी गेली असती, आणि होडी अजून दांडा ओलांडून आत आली नव्हती. धाकट्यानं हात सोडला नाही. होडी जाईपर्यंत ओरडत राहिला. मग मोठी लाट आली.

सकाळी समुद्र शांत होता. काठी उभी होती. धाकटा नव्हता. थोरल्याला न्यायला तीन आळ्या तीन बाजूंनी दांड्यावर आल्या. कोळी लाकडं घेऊन आले, हबशी जनाजा घेऊन, तेली पांढरं कापड घेऊन. “तो आमचा होता,” प्रत्येकानं म्हटलं. पण वाळू सगळीकडं सारखी झाली होती. कुठं उकरायचं, ते दाखवणारा गेला होता.

तो दांडा त्या दिवसापासून हलला नाही, असं म्हणतात. वाट आता वर्षानुवर्षं तिथंच आहे. तरी पाऊस सरला की सगळ्या आळ्या मिळून एक काठी रोवतात, आणि प्रत्येक घरची चिंधी त्या एकाच काठीला बांधतात. समुद्रातून वाहून आलेला मेलेला माणूस कोणाचा, असं खाजणकोटात विचारत नाहीत. प्रत्येक आळीतून एक जण खांदा द्यायला येतो.

आणि होडी कोणाचीही असो, मुखात शिरताना तांडेल उभा राहतो आणि मोठ्यानं तेच ओरडतो, जे धाकटा त्या संध्याकाळी प्रत्येक होडीला, आणि तोंडात पाणी जात असताना त्या शेवटच्या होडीला ओरडला होता:

“डावीकडं घ्या! उजवीकडं दादा आहे!”