शेगडीतली चिपआक्का

विजेची शेगडी घरात नवीनवीन आली, तेव्हाची गोष्ट. तिच्या पोटात थोरला आणि धाकटा असे दोन स्विच आळीपाळीनं वीज सोडायचे. पाळी बदलताना त्यांची कारभारीण चिपआक्का दोघांनाही क्षणभर बंद ठेवायची.

"आक्के, हा वेळ फुकट जातो," म्हणत थोरला एकदा पाळी संपली तरी हटेना. तेवढ्यात धाकटाही सुरू व्हायला निघाला.

आक्कानं खाडकन सगळंच बंद केलं. शेगडीवर ठेवलेलं दूध गारच राहिलं.

"एका उखळात दोन मुसळं एकदम घालता होय रे, मुडद्यांनो? दोघं एकदम सुरू झालात की सगळी वीज तुमच्याच अंगातून धावते, दोघांची राख झाली असती!"

थोरला चरकला. "मग आता जास्तच थांबव."

"आणि दूध तुझ्या लग्नाला तापवू?"

पाळी पुन्हा सुरू झाली. मधला क्षण आला, तसा थोरलाच ओरडला, "थांब रे धाकट्या!"

थोड्याच वेळात दूध उतू गेलं.