फांदीवरचा मुक्काम

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या जुन्या गुरूंकडे गेली. सल्ला मागायला जाते आहे, असे तिने स्वतःला सांगितले होते. खरे म्हणजे तिला आपला निर्णय कुणाच्या तरी गळ्यात मारायचा होता. आपण सगळेच कधी ना कधी हे करतो, तेव्हा तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ती विद्यापीठात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा महिन्यावर आली होती, पण परीक्षेची तिला भीती नव्हती. भीती होती ती परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या सकाळची. लहानपणापासून दर जूनला पुढची इयत्ता ठरलेली असे. या जूनला पुढे इयत्ताच नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसावे, तर पानात मीठ वाढण्याच्या आधी ‘मग, पुढे काय?’ वाढले जाई. तिने लग्नांना जाणे सोडले, तेव्हा लोक तिच्या आईला विचारू लागले. लोकांचा उत्साह असा सहजासहजी वाया जात नाही.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. तालुक्याच्या गावी पाणी तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथे एका वर्षासाठी नेमणूक मिळत होती. दोनदा मुदत मागून झाली होती. आता त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत होय किंवा नाही कळवायचे होते. दुसरी वाट म्हणजे आणखी एका पदवीचा अर्ज. त्या विषयात तिला काडीचा रस नव्हता, पण वसतिगृहाची खोली आणखी दोन वर्षे सुटली नसती. अर्ज भरून तयार होता, फक्त सही राहिली होती.

गुरू म्हणजे अकरावी-बारावीला तिला जीवशास्त्र शिकवणारे सर. निवृत्तीनंतर ते घाटमाथ्यावरच्या आपल्या गावी परतले होते. घरामागच्या परसात त्यांच्या पाच मधपेट्या होत्या, आणि घरात त्या पाचही पेट्यांना पुरून उरतील अशा काकू होत्या.

“ये गं, ये,” काकू म्हणाल्या. “किती वाळलीस! हे बसलेत मागे, माश्या मोजत. जा, मी चहा आणते.”

सरांना नमस्कार करून ती परसात त्यांच्याशेजारी बाकावर बसली आणि पिशवीतून एक वही काढली. वहीत अकरा व्यवसाय लिहिले होते आणि प्रत्येकापुढे रकाने आखले होते. पगार किती, नोकरी किती सुरक्षित, पंधरा वर्षांनी आपण कुठे असू. शेवटचा रकाना होता, ‘आईला चारचौघांत सांगता येईल का’. सरांनी चष्मा लावून सगळी पाने शांतपणे वाचली. शेवटच्या रकान्यापाशी ते किंचित हसले.

“सर, ही पाणी तपासायची एक वर्षाची नोकरी घेतली आणि तिथेच अडकले तर? आणि सोडली आणि दुसरी मिळालीच नाही तर? पुढची तीस वर्षं कशी जाणार, हे दिसल्याशिवाय मी पाऊल कसं टाकू? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी करते.”

“म्हणजे चुकलं तर माझ्यामुळे,” सर म्हणाले.

ती ओशाळली. तेवढ्यात परसातला आवाज बदलला. नेहमीची गुणगुण वाढत वाढत तिचा घोंगावा झाला. तिसऱ्या पेटीच्या दारातून माश्या अक्षरशः सांडू लागल्या. हजारो माश्या हवेत गरगरत होत्या, इतक्या की पलीकडची तुळस दिसेना.

“सर, पळाल्या! तुमच्या माश्या पळाल्या!” तिने ओट्यावरची पाण्याची बादली उचलली. पाणी उडवले की माश्या खाली बसतात, असे तिने कुठेतरी ऐकले होते.

“बादली ठेव खाली,” सर म्हणाले. “पळाल्या नाहीत. निघाल्या आहेत.”

थोड्याच वेळात तो सगळा घोंगावा कुंपणाजवळच्या पेरूच्या एका खालच्या फांदीवर उतरला. माशीला माशी बिलगली आणि फांदीला एक तपकिरी घोस लोंबू लागला, चांगला दोन हात लांब. मग आवाजही निवला. सरांनी एक रिकामी पेटी आणून, तिला आतून थोडे जुने मेण चोळून, झाडाजवळ उघडी ठेवली. माश्यांना पेटीत भरण्याचा काहीही प्रयत्न न करता ते परत येऊन बाकावर बसले आणि चहा पिऊ लागले.

विद्यार्थिनी त्या घोसाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. “बिचाऱ्या,” ती म्हणाली. “हातचं घर सोडलं, आणि पुढचं ठाऊक नाही.”

सरांनी कपबशी खाली ठेवली. ते उठले, पेरूपाशी गेले, सदऱ्याची बाही वर केली आणि उघडा हात सावकाश त्या घोसात घातला. मनगटापर्यंत. मग मागे न वळता म्हणाले, “ये. आता तू घाल.”

“सर!”

“घाई करायची नाही. कुणाला दाबायचं नाही. ये.”

(इथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. या पाळीव, सातेरी जातीच्या माश्या होत्या आणि सर नोकरीत असल्यापासून, वीस वर्षे, अशा माश्या पाळत होते. वाचकांनी भेटेल त्या मोहोळाशी अशी सलगी करू नये. आग्या मोहोळाशी तर मुळीच नाही.)

ती उठली ती धैर्याने नव्हे. सरांसमोर नाही म्हणायची तिला सवय नव्हती, एवढेच. डोळे मिटून तिने बोटे पुढे केली. डंखाची वाट पाहिली. डंख आला नाही. उन्हात वाळत घातलेल्या ज्वारीत हात घालावा तसे ऊबदार, भरीव काहीतरी तिच्या बोटांभोवती सरकत होते. एवढेच की ही ज्वारी जिवंत होती. तिने डोळे उघडले. माश्या तिच्या हाताला बाजूला सारत नव्हत्या, त्याच्यावर रागावतही नव्हत्या. तिला हसू फुटले. आपण हसतो आहोत हे तिच्या ध्यानातही आले नाही.

“चावत का नाहीत?”

“सांगतो. आधी हात हळू काढ.” तिला जागा द्यायला सर स्वतः वळले, आणि कोपराखाली एक माशी दाबली गेली. तिने आपले काम चोख केले. “आई गं!” सर ओरडले. “माझीच चूक. मीच दाबली.”

काकू चुना घेऊन आल्या. सरांच्या कोपराला तो लावता लावता म्हणाल्या, “शिकवायला निघाले, आणि स्वतःच शिकून आले. ऐक गं त्यांचं, पण अर्धंच.”

चुना लावलेला कोपर हवेत धरूनच सर बोलू लागले. “पेटीतल्या माशीला राखायला घर असतं, म्हणून ती चटकन डंख मारते. या माशीपाशी राखायला आज काही नाही. पण ती उपाशीही नाही. निघण्याआधी प्रत्येकीने पोटभर मध पिऊन घेतला आहे, दोन-तीन दिवस पुरेल इतका. त्यांना कुणी हाकललेलं नाही. फुलोरा चांगला झाला, पेटी भरली, आत जागा पुरेना, म्हणून त्या निघाल्या. पुढचं घर कुठे, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना फक्त जवळची एक फांदी गाठायची होती, ती त्यांनी गाठली. आता या फांदीवरून चार-दोन शहाण्या माश्या चहूकडे जातील आणि जागा शोधतील. तो शोध पेटीच्या आत बसून संपत नाही, पोरी. त्यासाठी आधी फांदीवर यावं लागतं. आणि फांदी म्हणजे घर, असं त्यांच्यातली एकही माशी समजत नाही.”

विद्यार्थिनी हुशार होती. ती लगेच मान डोलावणाऱ्यांतली नव्हती. “पण सर, माशीला मुलाखत द्यावी लागत नाही.”

“कोण म्हणतं? जागा शोधून आलेली माशी इथे सगळ्यांसमोर नाचून दाखवते. बाकीच्या तेवढ्यावर भुलत नाहीत. स्वतः जाऊन जागा बघून येतात, मग मत देतात. तुझ्या मुलाखतीला नाचायला तरी लावत नाहीत.”

“आणि सगळ्यांना घर मिळतं?”

सर बाकावर येऊन बसले. “खोटं सांगणार नाही. काहींची पहिली जागा चुकते. मुंग्या लागतात, पाणी शिरतं. मग पुन्हा निघतात, पुन्हा शोधतात. हाल होतात, होत नाहीत असं नाही. म्हणून तर निघताना पोट भरायचं.” मग त्यांनी बाकावरच्या वहीकडे बोट केले. “या वहीत अकरा घरं मांडलीस. तू पोटात काय घेऊन निघाली आहेस, त्याचा रकाना कुठे आहे?”

ती गोंधळली. असा रकाना नव्हता. तसे काही लिहायचे असते, हे तिला सुचलेच नव्हते.

“गुण आहेत की सर. पहिला वर्ग येईल.”

“तो कागद झाला. पोटातलं सांग.”

ती बोलू लागली, आधी चाचरत. कंटाळवाणे काम असले तरी आपण सहा-सहा तास चित्त लावून बसू शकतो. धाकट्या वर्गातल्या मुलींना अडले की त्या आपल्याकडेच येतात, आणि समजल्याशिवाय जात नाहीत. एकदा प्रयोगशाळेतले यंत्र चुकीचा आकडा दाखवत होते. सगळे म्हणत होते, यंत्र कसे चुकेल? तिने तोच नमुना हाताने तीनदा तपासला आणि यंत्र चुकते आहे हे दाखवून दिले. हे सांगताना तिचा आवाज सरळ झाला होता. “त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, सर. कुणी शाबासकी दिली नाही, तरी.”

“पाण्याचे नमुने तपासायला आणखी काय लागतं?” सर म्हणाले, आणि चहा गार झाल्याची तक्रार करत आत गेले.

जेवणे झाली. काकूंनी आग्रह करकरून तिला तिसरी भाकरी वाढली. तिनेही खाल्ली. तीनच्या सुमारास पेरूवरचा घोस एकाएकी सैल झाला. माश्या पुन्हा हवेत उठल्या, पण मघासारख्या गरगरल्या नाहीत. एक लांबट ढग होऊन कुंपणावरून, दरीच्या दिशेने निघून गेल्या. मेण चोळलेली पेटी तशीच रिकामी राहिली.

“नाकारली हो तुमची पेटी,” काकू म्हणाल्या.

“त्यांना त्याहून बरं काही दिसलं असेल,” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हिरमोड नव्हता. दरीकडे बघताना ते एखाद्या लेकीला सासरी पोचवून आलेल्या बापासारखे थकलेले आणि समाधानी दिसत होते. “अर्धं घर मागे आहे की अजून. त्यांच्यासाठी नवी राणी तयार होते आहे.”

विद्यार्थिनी उठून ओट्याच्या टोकाला गेली; तिथे फोनला आवाज बरा येई. पाच वाजायला अजून बराच अवकाश होता. तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना फोन लावला आणि म्हणाली, “मॅडम, मी येते.”

“एक विचारते,” बाई म्हणाल्या. त्यांचा सूर कोरडा होता. “तुम्ही राहणार किती दिवस? मागच्या दोघांनी ‘कायम राहू’ म्हणून शपथा घेतल्या आणि तीन महिन्यांत गेले. मला पुन्हा शिकवत बसायला वेळ नाही.”

कालपर्यंत या प्रश्नाचे एक घोटीव उत्तर तिला पाठ होते. ते तिने दिले नाही. “वर्षभर नक्की राहीन. हातातलं काम अर्धवट टाकून जाणार नाही. त्यापुढचं मला आज माहीत नाही.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. आता सूर जरा मऊ होता. “निदान जेवढं माहीत आहे तेवढं खरं सांगितलंत. एक जूनला या. आणि चांगले बूट घाला, विहिरींवर फिरावं लागतं.”

तिने फोन ठेवला. ‘मला माहीत नाही’ हे शब्द आज ती उघड उघड, एका अनोळखी माणसाला सांगून बसली होती, आणि त्यांची तिला लाज वाटली नव्हती. उलट अंगावरचे काहीतरी उतरल्यासारखे झाले होते. सर ओट्यावर डोळे मिटून पडले होते. काय ठरले, ते त्यांनी विचारले नाही. तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा डोळे न उघडताच एवढेच म्हणाले, “माझा कोपर सांभाळ. अजून ठणकतो आहे.”

पुढचे घर ठाऊक नसले तरी निघता येते. रिकाम्या पोटी मात्र निघू नये.