कोळशाची हद्द

रानांना तारेचं कुंपण यायच्या आधी, वस्तूंचं बोलणं माणसांना ऐकू यायचं तेव्हाची ही गोष्ट. तात्याबा भोईट्यांचं रान चाळीस बिघे होतं. त्यांचा कुत्रा कोळशा सारखा शेजारच्या केरबाच्या रानात जाऊन कोंबड्या धरायचा. शेवटी केरबा येऊन सांगून गेला, "पुन्हा दिसला तर कुऱ्हाड घालीन."

गोठ्यात वाद पेटला. साखळी म्हणाली, "मला बांधा, जागचा हलणार नाही."

"मग रानडुकरं कोण हाकलणार?" ओढाळ गुरांच्या गळ्यात अडकवायचं लोढणं म्हणालं. "मी गळ्यात असलो की फिरेल, पण लांब जाणार नाही."

"म्हणजे डुकरं पुढं आणि हा मागं रखडत!" बाभळीच्या फांद्या म्हणाल्या. "त्यापेक्षा रानाला काट्यांचं कुंपण घाला."

"चाळीस बिघ्यांना? एवढ्या बाभळी आहेत कुठं?" साखळी खणखणली.

कोपऱ्यातल्या जुन्या वहाणा तेव्हा बोलल्या. "त्याला बांध कुणी दाखवलाय का? थोरले मालक आम्हाला घालून रोज बांधानं फिरायचे. मागं कुत्रं असायचं. ते कधी बाहेर गेलं नाही."

तात्याबांना ते पटलं. वडलांच्या वहाणा घालून ते कोळशाला घेऊन निघाले. ओढ्यापर्यंत ठीक गेलं. ओढ्यापलीकडे ते थांबले. कोळशाही थांबला आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

जरा पुढं केरबा लाकडं फोडत होता. तात्याबांनी घसा खाकरला. "केरबा, आमचा बांध इथनं कुठं वळतो रे?"

केरबानं कुऱ्हाड खाली ठेवली. कुत्र्याकडे बघत तो म्हणाला, "आणि मी याला मारायला निघालो होतो."