उतू न गेलेलं दूध

सांगलीतल्या कुमुदताईंच्या नव्या घरात स्मार्ट सिस्टीम बसवणारे खासनीससाहेब साधी बटणं ठेवायलाच तयार नव्हते. “बटणं कशाला? या घराला मालकिणीपेक्षा जास्त कळतं!”

कुमुदताई हसल्या. “मग गृहप्रवेशाला याच.”

त्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या घरात त्यांनी शेगडीवर दूध ठेवलं. दूध वर आलं, तोच शेगडी आपोआप बंद! पुन्हा लावली, पुन्हा बंद.

“पाहिलंत? थेंबभर सांडू दिलं नाही!” खासनीससाहेबांची छाती फुगली.

“तेच तर! नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं असतं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तुमच्या सिस्टीमला ते कळेपर्यंत बटणं माझ्या हाताशी असू द्या!”

साहेबांनी शेगडीचा सेन्सर काढला आणि दूध झकास उतू गेलं.