कचेरीचा गुडघा

आषाढ वद्य सप्तमी. आभाळ भरलेले, वारा नैर्ऋत्येचा, पाऊस सकाळी भुरभुरून थांबलेला.

एका राज्यातले समुद्रकाठचे शहर बशीसारखे सखल होते आणि दर आषाढ अमावस्येला दुपारी उधाणाचे पाणी त्यात शिरत असे. सर्वांत खोल भागाला खालची आळी म्हणत. तिथे चिंबोऱ्या बिळांत राहत आणि अकरा गोगलगायी एका फुटक्या मडक्याखाली राहत. चिंबोऱ्यांचे पाण्याने फक्त घर मोडे. गोगलगायी मात्र खारे पाणी अंगाला लागले की विरघळत. टेकाड चढायला त्यांना पहाटेपासून दुपारपर्यंतचा वेळ लागे.

उधाणाची तयारी बगळ्याकडे होती. तो प्रामाणिक होता. कचेरीच्या वेळेत कोणालाही खात नसे. त्याने गटार उपसून घेतले आणि गाळ गटाराच्या काठावरच रचला, कारण गाळ उचलणे दुसऱ्या खात्याकडे होते. इशाऱ्याचा शंख वाजवायला बेडूक नेमला. बेडकाने सरावासाठी शंख फुंकला तेव्हा सगळे शहर टेकाडावर पळाले, म्हणून पुढचा सराव शंखात चिखल भरून करण्यात आला.

नवमीला सभा भरवून यंदाचा नवा नियम सांगण्यात आला. पाणी गुडघाभर झाले की शंख वाजेल. त्याआधी टेकाड चढणे म्हणजे अफवा पसरवणे.

“कोणाच्या गुडघाभर?” एका चिंबोरीने विचारले. ती आळीत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती.

“माझ्या,” बगळा म्हणाला. “कचेरीत मोजमापाला हाच गुडघा आहे. माझ्या कारकिर्दीत इथवर पाणी एकदाही आलेलं नाही.”

“साहेब, तुमचा गुडघा म्हणजे आमच्या घराचं छप्पर! तिथवर पाणी चढल्यावर शंख ऐकायला उरणार कोण?”

“बरं, तुझा धरू. पण कुठला?”

बेडकाला चिंबोरीचे गुडघे मोजायला बसवले. ती बोलता बोलता सारखी तिरकी सरके आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. शेवटी ते काम तहकूब झाले.

तेवढ्यात सर्वांत थोरली गोगलगाय पुढे पोचली. ती सभेच्या आरंभीच निघाली होती.

“साहेब, आम्हांला गुडघाच नाही.”

बगळ्याने बराच विचार केला. “मग तुमच्या बाबतीत पाणी गुडघाभर होण्याचा संभवच नाही. तुम्ही निर्धास्त राहा.”

“माझे दोन काकूंच्या नावावर करा,” चिंबोरी म्हणाली. “माझ्याकडं मोप आहेत.”

“गुडघा दुसऱ्याच्या नावावर होत नाही.”

“साहेब, तुमची अक्कलही तिथंच ठेवलीय वाटतं?”

सभा संपली.

चतुर्दशीला मडक्याखाली थोरलीने बाकीच्या दहाजणींना विचारले, “शहरात पाणी कधीच पोचलं नाही अशी जागा कुठली?”

“टेकाड,” एक म्हणाली.

“तिथं वाटेवर बेडूक बसलाय. दुसरी सांगा.”

मग सगळ्यांत धाकटी हसू लागली.

अमावस्येला पाऊस नव्हता, वारा जोराचा होता. बगळा उजाडताच काठावर येऊन एका पायावर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून घेतले. तो असा उभा राहिला की तासचे तास हलत नसे. दहाच्या सुमारास त्याला पाय जड वाटला. ते जबाबदारीचे ओझे असावे असे त्याने मानले.

पुढे पाणी चढू लागले. पायाच्या नळीपर्यंत आले तसा बगळा एक पाऊल मागे सरला, कारण घाईत केलेली नोंद चुकते. तिथे त्याने ‘गुडघ्याच्या खाली’ अशी नोंद केली. पाणी पुन्हा चढले, तो पुन्हा सरला. असा तो दरवर्षीप्रमाणे मोजत मोजत खालच्या आळीतून गेला, मडक्यावरून गेला. गटाराचा गाळ पाण्याबरोबर गटारात परतत होता, त्याच्याही शेजारून गेला. टेकाडाच्या पायथ्याशी बेडूक शंख घेऊन तयार होता.

“वाजवू का, साहेब?”

“गुडघा कोरडा आहे.”

“पण साहेब, गुडघ्यावर तर...”

“कोरडा आहे की नाही, तेवढं सांग.”

बेडकाने वाकून पाहिले. “कोरडा आहे.”

बगळा पाठमोरा एकेक पायरी चढत गेला.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी पाणी टेकाडाच्या चौथ्या पायरीला लागून थांबले. चिंबोऱ्यांची सदतीस बिळे बुजली. शंख वाजला नाही. बगळा पाचव्या पायरीवर उभा होता. त्याचा गुडघा कोरडा होता आणि त्यावर अकरा गोगलगायी होत्या.