पेंढ्याला लावलेलं कुंकू

एका राज्यात मणिशेखर नावाचा राजा आणि रत्नावती नावाची राणी राहत असत. राज्य मोठं, प्रजा सुखी, दारी हत्ती झुलत. उणं एकच, घरात पाळणा हलत नव्हता. बारा वर्षांनी राणीला दिवस गेले. राजाचा आनंद पोटात मावेना. तो म्हणाला, "राणी, डोहाळे कसले लागले ते सांग. सात समुद्रांपलीकडचं असेल तरी आणवतो."

राणी म्हणाली, "महाराज, मला खरवस खावासा वाटतो."

खरवस होतो चिकाचा. गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दाट पिवळसर दूध येतं, तो चीक. राजाने दवंडी पिटवली, की राज्यात जी गाय विईल तिचा चीक थेंबही न सांडता राजवाड्यात यावा. राणीने खरवस खाल्ला. गुळाचा खाल्ला, साखरेचा खाल्ला, वेलची-केशर घालून खाल्ला. यथाकाळ मुलगी झाली, तिचं नाव बकुळा ठेवलं. डोहाळे फिटले, पण दवंडी मागे घ्यायची राहून गेली. राजेलोकांचं असंच असतं. हुकूम काढण्याची घाई फार, मागे घेण्याची आठवण कुणाला?

सात वर्षं चीक येत राहिला. चीक न मिळालेलं वासरू तगत नाही, हे गोठा झाडणाऱ्यालाही ठाऊक असतं. वासरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकू लागली. आणि वासरू पुढ्यात नसलं की गाय पान्हा चोरते. पान्हा हुकमाने फुटत नाही, तिथे राजाचंही काही चालत नाही.

राजाच्या गोशाळेचा अधिकारी धूम्रकेश हा मोठा मांत्रिक होता. त्याने तोड काढली. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचा, चार काठ्यांवर ते उभं करायचं आणि कानात मंत्र फुंकायचा. मग ते पेंढ्याचं वासरू हंबरे, शेपूट हलवी, कासेला ढुशी मारी. गाय भुले, त्याला चाटे, पान्हा सोडी. चरव्या भरत. दरबारी म्हणत, "धन्य ती विद्या! गाय सुखी, राजा सुखी." वासराचं काय, हे विचारायला दरबारात वासरू नव्हतं.

बकुळा सात वर्षांची झाली त्या वर्षीची वसुबारस आली. आपल्यासारखीच त्या राज्यातही गाय-वासराची पूजा होई. त्या एका दिवशी कुणी दूध, तूप, ताक तोंडाला लावत नसे. तो दिवस वासराचा. राजवाड्याची लाडकी गाय हरणी नुकतीच व्याली होती. तिला झूल घालून अंगणात आणलं, शेजारी वासरू उभं केलं. सनई वाजत होती. राणी तबक घेऊन पुढे झाली. तिने गाईला कुंकू लावलं आणि वासराच्या कपाळाला बोट टेकवलं.

बोटाखाली सरसर वाजलं. कपाळ थंडगार होतं.

राणीचा हात थबकला. मागून धूम्रकेश हळूच म्हणाला, "राणीसाहेब, मुहूर्त टळेल." सारं नगर बघत होतं. राणीने कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या.

हरणी वासराला चाटू लागली. चाटता चाटता पोटाचा टाका उसवला आणि पेंढा भुईवर सांडला. हरणीने तो हुंगला. मग ती माणसाच्या वाणीने बोलली. त्या काळी गाई बोलत असत. कुणी काही विचारत नसे म्हणून गप्प राहत, इतकंच.

ती म्हणाली, "राणी, ज्या हाताने पेंढ्याला कुंकू लावलंस, त्या हाताला लेकही पेंढ्याचीच लागेल. पुढच्या बारशीच्या दिवेलागणीपर्यंत तुझ्याजवळ राहील. मग वारा येईल."

एवढं बोलून तिने दावं तोडलं आणि रानाची वाट धरली. घाबरलेली बकुळा धावत येऊन आईला बिलगली. राणीने तिला पोटाशी धरलं, तर सरसर वाजलं.

वैद्य आले, ज्योतिषी आले, दक्षिणा घेऊन गेले. राजवाड्यातल्या चुली दूर हलवल्या, खिडक्यांना पडदे लावले. बकुळा चाले, बोले, पण तिला भूक लागत नसे. एकदा ती म्हणाली, "आईसाहेब, मला रडावंसं वाटतं, पण रडू येत नाही." राणीच्या काळजाचं पाणी झालं.

धूम्रकेशाने बकुळेच्या कानात मंत्र फुंकला. ती खुदकन हसली, गिरक्या घेऊ लागली. राजा म्हणाला, "हसते, नाचते. आणखी काय हवं?"

राणी म्हणाली, "महाराज, हरणीबद्दलही आपण हेच म्हणत होतो."

राजा खाली बघू लागला. 

वर्ष सरत आलं. बारशीला बारा दिवस उरले, तेव्हा एक गायबगळा राणीच्या सज्ज्यावर येऊन बसला. हे पांढरे बगळे गाईंच्या पायात फिरतात, त्यामुळे गाईंचं सगळं बोलणं त्यांच्या कानावर असतं. राणीने हात जोडले. "पक्षिराजा, हरणी कुठे आहे?"

"तीन मजलांवर. पहिली धूम्रकेशाच्या कुरणाची, दुसरी त्याच्या तळ्याची, तिसरी हरणीच्या माळाची. तीन कामं करावी लागतील."

"कोणती?"

"पहिल्या ठिकाणी ओळखायचं. दुसऱ्या ठिकाणी ओतायचं. आणि तिसऱ्या ठिकाणी मागायचं नाही."

राणीने दागिने उतरवले. बकुळेला पाठीशी बांधलं. पोर अशी हलकी, की पाठीवर आहे की नाही हे पुन्हापुन्हा चाचपून बघावं लागे. शिदोरीला ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी घेतली. बगळा वाट दाखवत पुढे उडू लागला. मागायचं नाही असं बगळ्याने सांगितलं होतं, तरी तिने चांदीची एक वाटी पदराखाली लपवलीच. हरणीच्या दुधाचा एक थेंब मिळाला तर पोर पुन्हा माणसाची होईल, अशी आशा होती. आईचं मन ते, त्याला कोण काय सांगणार!

चार दिवस चालल्यावर कुरण आलं. त्यात गवत नव्हतं, वासरं होती. हजारो वासरं, सगळी पेंढ्याची, सगळी मंत्राने हंबरत होती. तांबडी, पांढरी, कबरी. आठ वर्षांचा खरवस असा रांगेत उभा होता. राणी म्हणाली, "यांत हरणीचं कोणतं?" बगळा म्हणाला, "ओळखायचं." राणी एकेकाच्या कपाळावरून हात फिरवत चालली. तीन दिवस चालली. हात फिरवायचा, सरसर ऐकायची, पुढे जायचं. चौथ्या दिवशी एका तांबूस वासराच्या कपाळावर वाळलेलं कुंकू दिसलं. ठसा तिच्याच बोटाचा होता. बाकीच्यांना तर तेवढंही मिळालं नव्हतं. राणीने पुन्हा घातलेले टाके उसवले, पेंढा उपसला, कातडं घडी करून उराशी घेतलं आणि निघाली.

आणखी दोन दिवसांनी तळं आलं. एवढा चीक एकट्या राणीने कुठला संपवला असता? राज्यातून आलेला उरलेला सारा चीक धूम्रकेशाने इथे दगडी तळ्यात साठवला होता. मंत्राने तो नासत नव्हता, आणि त्याच्यावरच त्याची विद्या पोसली जात होती. वेलची-केशराचा वास सुटला होता. उरलेली भाकरी लेकीसाठी राखली होती, म्हणून दोन दिवस राणीच्या पोटात अन्न नव्हतं. तिला आठ वर्षांमागचे डोहाळे आठवले, तोंडाला पाणी सुटलं. स्वतःची लाज वाटली, तरी पाणी सुटलंच.

काठावर धूम्रकेश उभा होता. हातात पळी.

"राणीसाहेब, एक पळी घ्या. लेक ऊबदार लागेल. सरसर पुन्हा कधी ऐकू येणार नाही."

"ती माणसाची होईल?"

"आपल्याला तशी वाटेल."

"आणि वारा आला म्हणजे?"

"तेही आपल्याला कळणार नाही. केवढं सुख!"

राणी म्हणाली, "धूम्रकेशा, मी काही बोळ्याने दूध पीत नाही."

असं म्हणून ती तळ्यात उतरली. तळाशी भोकाला चिंध्यांचा भला मोठा बोळा ठोकलेला होता. तिने दोन्ही हातांनी धरून तो उपसला. आठ वर्षांचा चीक खळाळून बाहेर पडला आणि कोरड्या नदीतून मातीत जिरत गेला. तळ्यातून वासरांचं हंबरणं उठलं, उठलं आणि शांत झालं. धूम्रकेशाची पळी गळाली. पायापासून डोक्यापर्यंत त्याचा धूर झाला नि विरला. बगळ्याने पंख झटकले.

बारशीच्या दिवशी, दिवस कलता असताना, राणी माळावर पोचली. हरणी एकटीच उभी होती. राणीने कातडं तिच्या पुढ्यात ठेवलं. आता ते हंबरलं नाही, हललं नाही. हरणीने ते हुंगलं, एकदा चाटलं आणि मान वर करून हंबरडा फोडला. वर्षभर अडलेलं दुःख होतं ते. खोट्या वासरापुढे त्याला वाटच मिळाली नव्हती.

पुष्कळ वेळाने हरणी म्हणाली, "राणी, पदराखाली काय आहे?"

"वाटी."

"भांडं घेतल्याशिवाय माझ्याकडे कधी कुणी आलंच नाही."

राणीने वाटी काढली नि दूर भिरकावली. इतक्यात वारा सुटला. पाठीवरची बकुळा थरथरू लागली. राणीने तिला सोडून पोटाशी घेतलं. पोरीच्या बोटांतून एकेक काडी निघून उडू लागली.

हरणी म्हणाली, "माग काय ते."

राणीचे ओठ उघडले. त्या घडीला मागणं किती सोपं होतं! एक थेंब, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "मला काही नको. एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी माझ्या बोटाला कळलं होतं, हरणे. पेंढा आहे हे मला कळलं होतं. सनई वाजत होती, लोक बघत होते, म्हणून मी कुंकू लावलं. खरवस खातानाही कधीतरी कळलंच असेल. मी कळू दिलं नाही."

मग ती ढसाढसा रडली. वाऱ्याकडे पाठ करून, लेकीवर ओणवी होऊन रडली.

हरणी चार पावलं पुढे आली. तिने आपली खरखरीत जीभ बकुळेच्या कपाळावरून फिरवली. नुकत्या जन्मलेल्या वासराला चाटावं तसं, कपाळ, गाल, मान, हात. राणीने मागितलं नव्हतं, तरी दिलं. आणि राणीच्या हातातली लेक जड होऊ लागली. इतकी जड झाली की राणी मटकन खाली बसली. वारा आला, माळावरून वाहून गेला. बकुळा तिथेच होती. तिचे डोळे भरून आले होते.

"आईसाहेब," ती म्हणाली, "भूक लागली."

राणीने शिदोरी सोडली. भाकरी वाळून कडक झाली होती, चटणी तळाला गेली होती. बकुळेने ती कडाकड चावून खाल्ली आणि आणखी मागितली. जगातल्या कुठल्याही पक्वान्नाला त्या दिवशी ती चव नव्हती, असं राणी पुढे आयुष्यभर सांगत असे.

माळाशेजारून गेलेल्या त्या कोरड्या नदीकाठी, चीक जिरला होता तिथे, तोवर कोवळं गवत उगवलं होतं. त्यातून एक पोरकं वासरू, खरंखुरं, धडपडत आलं आणि हरणीच्या कासेला लागलं. हरणीला पान्हा फुटला. राणीने लेकीचा हात धरला आणि गवताला बाजूने वळसा घालून ती घराकडे निघाली.

राजा वेशीपर्यंत अनवाणी धावत आला. लेकीला उचलून घेताना त्याला कळलं, की ती जड आहे. तो तिथेच रडला, आणि तिथेच त्याने जुनी दवंडी मागे घेतली. नवी दवंडी राणीने सांगितली: "वासराचं दूध वासराला. दावी सोडा. गोशाळेतली जनावरं म्हातारी होऊन मरेपर्यंत चरतील, त्यांच्यापुढे भांडं घेऊन कुणी जायचं नाही."

मुदपाकखान्यात हलकल्लोळ माजला. तिथली मुख्य येसाई स्वयंपाकीण हात नाचवत म्हणाली, "अगं बाई, मग राजाने खायचं काय? माती?" पण बाई मोठी हिकमती. नारळाचं दूध काढलं, त्यात नाचणीचं सत्त्व नि गूळ घालून आटवलं, थाळीत थापलं. ताट पुढे करून म्हणाली, "राणीसाहेब, हुबेहूब खरवस!"

राणीने एक वडी खाल्ली. "छान आहे, येसाई. पण खरवस म्हणू नकोस. याला याचंच नाव दे." येसाईने तिला बकुळवडी म्हटलं, नि तेच नाव रुळलं.

लोक कुरकुरले, मग सवयीला लागले. वर्षाने वसुबारस आली तेव्हा एका म्हाताऱ्याने राणीला विचारलं, "राणीसाहेब, आज दूध खायचं नसतं. पण आता आपण तर कधीच खात नाही. मग बारशीचं वेगळेपण काय राहिलं?"

राणी म्हणाली, "बाबा, एक दिवस वासराचा ठेवला होता, म्हणजे बाकीचे कुणाचे हे आपल्याला ठाऊक होतंच."

अशी ही कहाणी. हरणीला जसं तिचं मिळालं, तसं ज्याचं त्याला मिळो, आणि ऐकणाऱ्याच्या बोटाला जे कळलं असेल ते त्याच्या ओठापर्यंत पोचो.